बिनगव्हाचा पाव

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तेव्हा गव्हातल्या प्रथिनांवर लिहिण्याचा तुझा अधिकार काय, असे विज्ञान शाखेतली मित्रमंडळी विचारणार. आणि मुलगा असून परातीत हात कसला घालतोस, हे काचीगुड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी विचारून झालेलेच आहे. दोघांनाही उत्तर एकच. माझ्या धाकट्या भावाला गहू चालत नाही, आणि त्याला पाव खायचा आहे.

तो अकरा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याची उंची वाढेना, पोट सदा फुगलेले आणि चेहरा पांढुरका. आधी जंतांची औषधे झाली, मग लोहाची झाली, मग आजीने दृष्ट काढली. शेवटी रक्त तपासले, दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला, आणि ‘सीलिअ‍ॅक’ हा शब्द आमच्या घरात आला. या विकारात गव्हातले ग्लूटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्या अस्तरावर अन्नरस शोषून घेणारी बारीक लव असते, ती झिजून सपाट होते. मग मुलाने कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. यावर गोळी नाही की इंजेक्शन नाही. गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर सोडणे हाच उपाय. हा विकार उत्तर भारतात अधिक आढळतो, आपल्या दक्षिणेत कमी. त्यामुळे इकडे तो चटकन कुणाच्या मनात येत नाही, एवढेच म्हणून मी गप्प बसतो.

ग्लूटेन म्हणजे लॅटिन भाषेत सरस, चिकटवायचा. इटलीतल्या बोलोन्या शहरी बेक्कारी नावाच्या पंडिताने १७२८ साली गव्हाची कणीक पाण्याखाली धुऊन ते वेगळे काढून दाखवले. त्याचा निबंध छापून आला १७४५ साली. हे वाचले तेव्हा मला हसू आले. कारण हा प्रयोग आमच्या आजीच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात होत असे, फक्त उलट्या बाजूने. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटायचे, पिळायचे. खाली बसतो तो पांढराशुभ्र चीक घ्यायचा आणि उरलेला चोथा गाईला घालायचा. बेक्कारीने धुवून गेलेले पिठूळ पाणी टाकले आणि चिवट गोळा ठेवला. आजीने पाणी ठेवले आणि चिवटपणा गाईला दिला. (मात्र म्हणून कुरडई माझ्या भावाला चालते असे कुणी समजू नये. चिकात थोडेफार ग्लूटेन उतरतेच, आणि त्याला थोडेफारही चालत नाही.)

थोडेफार म्हणजे किती? आपल्याकडे ज्या पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापायचे, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणजे किलोभर पदार्थात मैद्याची जेमतेम एक चिमूट. आमच्या घराची झडती या मापाने घेतली तेव्हा गहू कुठे कुठे दडला होता म्हणता! डब्यातली बांधणीची हिंग घ्या. शुद्ध हिंग इतकी उग्र असते की ती पिठात मिसळून विकतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. म्हणजे वरणभात खाऊन मूल आजारी पडायचे. दुसरे ठिकाण कोपऱ्यावरची गिरणी. आमच्या आधी कुणाचे गहू दळून गेले असतील, तर पहिली दोन ओंजळी ज्वारी त्या गव्हात न्हाऊनच बाहेर पडते. शेवटी वडिलांनी कर्ज काढून घरघंटी घेतली. हल्ली पुष्कळ मंडळी नुसत्या हौसेने गहू सोडतात. त्यांनी काय खावे हा त्यांचा प्रश्न. पण मनात खरोखर शंका असेल तर आधी तपासणी करावी. गहू आधीच सोडला तर रक्तातल्या खुणा पुसल्या जातात आणि निदान अवघड होते. हे आम्हाला डॉक्टरांनी बजावून सांगितले होते.

आता कुणी म्हणेल, ज्वारीच्या मुलखातली माणसे तुम्ही, भाकरी खा आणि स्वस्थ बसा. हे अगदी खरे आहे. आमचे वडील उदगीरचे, आई कलबुर्गीची. १९५६ पर्यंत दोन्ही गावे याच हैदराबाद राज्यात होती. वडिलांकडची ती ‘आजी’ आणि आईकडची ती ‘अज्जी’. एका ज-ने आमच्या घरात भाषावार प्रांतरचना झाली आहे, पण ताटात प्रांतरचना नाही. मराठीत भाकरी, कन्नडमध्ये जोळद रोट्टी, तेलुगूत जोन्न रोट्टे. संध्याकाळी या शहरातल्या फूटपाथवर बायका चूल मांडून जोन्न रोट्टे थापत असतात, आणि मोटारीतून उतरून लोक ती बांधून नेतात. भावाला भाकरी आवडते. पण शाळेच्या डब्यात सगळ्यांचे सँडविच आणि याची भाकरी, वाढदिवसाला सगळ्यांना बन-मस्का आणि याला केळे, असे दोन वर्षे चालले. पुढे पुढे तो वाढदिवसांना जाईनासा झाला. “मला नाही आवडत तिथे,” एवढेच म्हणायचा. त्या दिवसापासून मी पावाच्या मागे लागलो.

आम्हाला अर्थशास्त्रात पर्यायी वस्तू शिकवतात. चहा महागला की गिऱ्हाईक कॉफीकडे वळते. त्यावर छेदक लवचिकतेचे गणितही सोडवून घेतात. मी त्याच भाबडेपणाने बाजारात गेलो, की मैदा जाऊ दे, त्याच्या जागी दुसरे पीठ देणारा दुकानदार असेलच. पण ग्लूटेन ही चहासारखी एक वस्तू नाही. पाण्यात कणीक मळली की त्यातली दोन प्रथिने, ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन, एकमेकांत गुंततात. एक ताकद देते, दुसरे ताणू देते, आणि त्यांचे रबरासारखे जाळे बनते. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात फुग्यासारखा अडकून राहतो. पाण्याला धरणे, वायूला अडवणे, आकार टिकवणे आणि भाजल्यावर पाव मऊ ठेवणे, ही सगळी कामे तो एकटा गडी करतो. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण दिले ते आम्हा वाणिज्यवाल्यांना पाठ असते. इथेही श्रमविभागणीच करावी लागते. एका गड्याच्या जागी चार गडी ठेवावे लागतात, आणि चौघांनाही एकेकच काम येते.

ज्वारीच्या पिठात नुसते यीस्ट घालून पाहा. वायू भरपूर होतो, पण त्याला धरून ठेवायला कुणीच नसते. पीठ फुगल्यासारखे करते, वर भेगा पडतात, आणि भट्टीतून जे निघते ते सुरीला दाद देत नाही.

पहिला गडी सापडला तो घरातच, औषधांच्या डब्यात. इसबगोल! पोट साफ होण्यासाठी आजोबा रात्री दुधातून घेत तो भुसा. जगात सर्वांत जास्त इसबगोल आपल्या देशात पिकतो आणि गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारात त्याची मोठी उलाढाल होते. तो पाण्यात टाकला की काही मिनिटांत त्याचा थलथलीत गोळा होतो. पिठात तो मिसळला की ज्वारीचे पीठ, जे कधी एका तुकड्यात उचलता येत नव्हते, ते चक्क गोळा होऊन हातात येते आणि वायूही बराचसा धरते. बाजारात झँथन गम नावाची पूडही मिळते. एका सूक्ष्म जिवाणूकडून साखर आंबवून ती तयार करतात. ती चिमूटभर पुरते, पण महाग पडते आणि पावाला एक गिळगिळीतपणा आणते, असे माझे मत. अंडे चांगले काम करते. आमच्या घरी मात्र अंड्याचे भांडे वेगळे ठेवावे लागते, आणि एका घरात किती वेगळी भांडी ठेवायची?

आणखी एक गडी तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या स्वयंपाकघरात राबतो आहे, उडीद डाळ. इडली म्हणजे दुसरे काय? बिनग्लूटेनचा, आंबवून वाफवलेला पावच तो. उडदातला बुळबुळीतपणा आणि प्रथिने मिळून तांदळाच्या पिठात वायू अडकवतात. युरोपातल्या लोकांनी ज्यावर प्रयोगशाळा बसवल्या ते आपण रोज सकाळी चटणीबरोबर संपवतो.

तरीही पाव कोरडाच होई, दुसऱ्या घासाला चुरा. ते कोडे सोडवले अज्जीने. ती कलबुर्गीहून आली होती. मी परातीत थंड पाण्याने पीठ कालवतो आहे हे पाहून ती कन्नडमध्ये म्हणाली, “बिसिनीर हाकप्पा.” गरम पाणी घाल रे बाबा. ज्वारीला कुणी थंड पाणी घालते का? भाकरीचे पीठ आधणाच्या पाण्यात भिजवतात, उलथन्याने हलवतात आणि चटका सोसेल इतपत झाले की तळहाताने रगडतात. उकळत्या पाण्याने ज्वारीतल्या पिष्ठाचे कण फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. म्हणून भाकरी थापता येते, कडा तुटत नाहीत आणि तव्यावर पापुद्रा सुटतो. मराठीत या चिकटपणाला शब्द आहे: विरी. जुन्या पिठाची विरी गेली म्हणतात. आम्ही मराठी माध्यमात प्रथिने शिकलो, पिष्टमय पदार्थ शिकलो, पण ‘विरी’ हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात मला कधी भेटला नाही. राजेंद्रनगरला भरडधान्य संशोधन संस्था आहे, पाटनचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट आहे. दोन्हीकडे ज्वारीवर काम चालते. तिथल्या कुणाच्या वाचनात हा लेख आला, तर हा शब्द त्यांनी अवश्य वापरावा.

मात्र विरी एकटी पावाला पुरत नाही. भाकरीच्या पापुद्र्याला वाफ क्षणभर धरायची असते. पावाला वायू तास-दीड तास धरून मग भट्टीत घट्ट व्हायचे असते. म्हणून विरी आणि इसबगोल दोघेही हवेत. माझे सध्याचे प्रमाण असे आहे. ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम, त्यातले ५० ग्रॅम आधणाच्या पाण्यात शिजवून निववलेले. तांदळाचे पीठ १०० ग्रॅम, बटाट्याचे किंवा मक्याचे सत्त्व १०० ग्रॅम, इसबगोल २० ग्रॅम, सगळे मिळून पाणी साडेचारशे मिलिलिटरच्या आसपास, शिवाय कोरडे यीस्ट, साखर, मीठ, तेल. सत्त्वाच्या पाकिटावरही ग्लूटेनमुक्त असे लिहिलेले पाहूनच घ्यावे. हे पीठ कणकेसारखे मळायचे नाही. जाळेच नाही तर मळून काय ताणणार? सैलसर ठेवून साच्यात घालायचे, कारण कडांना आधार साचाच देतो. एकदाच फुगू द्यायचे. २०० अंशांवर पाऊण तासाहून थोडे अधिक भाजायचे. आणि बाहेर काढल्यावर, घरातले कितीही घोटाळले तरी, पूर्ण गार होईपर्यंत कापायचे नाही; आतले पिष्ठ गार होतानाच घट्ट होते. गरम कापलात तर आत लगदा दिसेल.

याचा हिशेब मी वहीत ठेवतो. परिव्यय लेखांकनात ‘नॉर्मल लॉस’ म्हणून एक रकाना असतो, म्हणजे धंद्यात होणारच अशी तूट. त्यात सुरुवातीचे सात पाव आहेत. आजी मात्र त्यांना तूट मानत नाही. त्यांचा तिने कांदा-मिरची घालून उपमा केला, आणि तो पावापेक्षा बरा झाला होता हे कबूल केले पाहिजे. वीज, यीस्ट आणि सत्त्व धरून आमचा पाव बाजारच्या पावाहून बराच महाग पडतो. दुकानातल्या ग्लूटेनमुक्त पावाच्या मानाने मात्र कितीतरी स्वस्त. शिवाय तो दुसऱ्या दिवशीच वाळतो, म्हणून कापून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा लागतो. पण गेल्या जूनपासून भावाच्या डब्यात सँडविच जाते, आणि परवा एका मित्राच्या वाढदिवसाला आपला पाव आपल्या डब्यात घेऊन तो आपणहून गेला. परत आल्यावर तिथे काय झाले ते त्याने सांगितले नाही. डबा रिकामा होता.

आता त्याला कुलचा हवा आहे. हैदराबादच्या मुलाने कुलचा मागू नये तर कुणी? आसफजाही निशाणावरचा गोलही कुलचाच मानला जाई. पण कुलचा तंदूरच्या उभ्या भिंतीला चिकटून लोंबत भाजायचा असतो, साच्याचा आधार तिथे नाही, आणि माझ्या पिठाला एवढे लोंबकळणे सोसत नाही. रविवारी जाड तव्यावर झाकण ठेवून एक केला. वर दूध लावले, कलौंजी टाकली, रंगही छान आला. भावाने एक तुकडा मोडला, नीट चावला आणि म्हणाला, “दादा, हा कुलचा नाही. ही फुगलेली भाकरी आहे.” अज्जीला मी हे कन्नडमध्ये समजावून सांगितले, तर तिला ती तक्रार वाटलीच नाही.