निरर्थक अक्षरें

कवितेचा अर्थ सांगणें हा माझा धंदा आहे. गेलीं तीस वर्षें मी विद्यार्थ्यांना इंग्रजी काव्य शिकवितों आणि परीक्षेच्या कागदांत 'अर्थ स्पष्ट करा' अशी आज्ञा फर्मावितों. ज्याला अर्थ नाहीं त्याला किंमत नाहीं, ही माझी समजूत. तिला धक्का दिला तो मासवणच्या माझ्या मामांनीं.

सूर्या नदीकांठच्या त्या गांवीं मी दिवाळीच्या सुटींत जात असें. रात्रीं दूरच्या पाड्यावरून तारप्याचा सूर येई आणि इकडे ओटीवर मामांचा तबला निघे. "धा धिन् धिन् धा" असें ते आधीं तोंडानें म्हणत, मग हातानें वाजवीत. मी नुकताच पदवीधर झालों होतों. ऐटीनें विचारलें, "मामा, याचा अर्थ काय?"

ते हंसून म्हणाले, "बाबा रे, तो हाताला कळतो."

मला ती पळवाट वाटली. तराण्याविषयींही माझें मत असेंच होतें. विनायकबुवा पटवर्धनांसारखा (१८९८–१९७५) थोर गवई 'दीम् तोम् तननन' यांत रंगून कसा जातो, याचें त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकतांना मला नवल वाटे. पुढें या अक्षरांत फारसी शब्द दडलेले आहेत, हें उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचें मत वाचनांत आलें, तेव्हां कोण समाधान झालें! शेवटीं कोश माझ्याच बाजूचा निघाला होता.

दोन वर्षांपूर्वीं मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. मी भेटीस गेलों. शब्दांवर पोट भरणारा मी. पण त्या खाटेपाशीं मला एक शब्द सुचेना. मामांना माझें नांवही उच्चारतां येईना. अस्वस्थपणें मी खाटेच्या कडेवर बोटें आपटूं लागलों आणि पुटपुटलों, "धा धिन् धिन् धा, धा धिन् धिन् धा, धा धिन्—"

मामांच्या कपाळाला आठी पडली. डावा हात किंचित् उचलून ते स्पष्टपणें म्हणाले, "तिन्!"

चूक माझीच होती. त्रितालाच्या सोळा मात्रांपैकीं नवव्या मात्रेवर खाली येते; तिच्यापुढें डग्गा मुका होतो आणि 'धिन्'चें 'तिन्' होतें. 'धिन्' दोन्ही हातांचा बोल, 'तिन्' एकट्या उजव्याचा. आणि मामांचा उजवा हात तर पांघरुणावर निश्चल पडला होता.

वाचा गेलेला मनुष्य कित्येकदां गाऊं शकतो, हें वैद्यकाला ठाऊक आहे, मला नव्हतें. त्या संध्याकाळीं आम्हीं कितीतरी आवर्तनें म्हटलीं. मी मुद्दाम चुकावें, त्यांनीं रागवावें. मामांशीं इतका वेळ मी यापूर्वीं कधीं बोललों नव्हतों.

परवां परीक्षेचा कागद काढतांना 'अर्थ स्पष्ट करा' असें संवयीनें लिहिलें खरें. पण लेखणी क्षणभर तेथेंच थबकली.