सर्व्हर सोडताना

विकेंद्रित समाजमाध्यमांमध्ये मॅस्टोडॉन हे सर्वांत परिचित नाव, आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याच वाट्याला आलेले. मॅस्टोडॉन ही ट्विटरसारखी एक साइट नव्हे. जर्मनीतल्या ऑयगेन रोचको या तरुण प्रोग्रॅमरने 2016 मध्ये खुले केलेले ते सॉफ्टवेअर आहे. कोणीही ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवावे आणि स्वतःचे नियम लावावेत. असे हजारो सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या प्रोटोकॉलने एकमेकांशी जोडलेले असतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जानेवारी 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. जीमेलवरून याहूवर मेल जावी, तशी एका सर्व्हरवरची पोस्ट दुसऱ्यावर पोहोचते. एवढे सांगून झाल्यावरही ‘पण मॅस्टोडॉनचे ऑफिस कुठे आहे, तक्रार कोणाकडे करायची?’ हा प्रश्न येतोच. खाते ज्या सर्व्हरवर, त्या सर्व्हरच्या ॲडमिनकडे, हेच त्याचे उत्तर.

भारतात हे नाव गाजले 2019 च्या नोव्हेंबरात. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले होते. वादाचे एक कारण होते 1936 चे हॅम्बुर्गमधले प्रसिद्ध छायाचित्र. त्यात सारा जमाव नाझी सलाम ठोकतो आहे आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. हा माणूस ऑगस्ट लांडमेसर असे मानले जाते. नाझींना नकार देणारे चित्र द्वेष पसरवणारे ठरले. त्याच सुमारास निळी टिक देताना जात पाहिली जाते, असा आरोप दलित-बहुजन कार्यकर्ते करत होते. चिडलेल्या अनेकांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली, पण त्यातल्या पुष्कळांनी रोचकोच्याच ‘मॅस्टोडॉन डॉट सोशल’ या सर्व्हरवर. एका मालकाला कंटाळून निघायचे आणि दुसऱ्या एकाच दारात गर्दी करायची, हे तेव्हाही झाले, नंतरही होत राहिले.

मोठी लाट आली ती 27 ऑक्टोबर 2022 रोजी इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरचा ट्विटरचा व्यवहार पूर्ण केल्यावर. महिन्याला सक्रिय असणाऱ्यांची संख्या साधारण 3 लाखांवरून 25 लाखांपर्यंत गेली. याचा भार पडला तो नोकऱ्या सांभाळून रात्री सर्व्हर चालवणाऱ्या हौशी ॲडमिनांवर. मॅस्टोडॉनमधली पाठवापाठवीची कामे साइडकिक नावाच्या रांगेत उभी राहतात. रांग तुंबली की सकाळी लिहिलेली पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवर दुपारी दिसते आणि लोक म्हणतात, ‘ॲप बंद पडले.’ त्यात बाहेरून आलेल्या प्रत्येक फोटोची प्रत सर्व्हर आपल्याकडे ठेवतो. वेळच्या वेळी सफाई केली नाही तर डिस्क भरते. हा सगळा खर्च देणग्यांवर चालतो, ही गोष्ट फुकट ॲपची सवय झालेल्यांच्या सहसा गावीही नसते. काही महिन्यांत त्या 25 लाखांतले बरेच जण परतले. ‘अवघड आहे हो’ ही तक्रार निम्मीच खरी. ओळखीची माणसे जुन्या जागीच राहिली होती आणि रिकाम्या टाइमलाइनवर करमत नाही, हे अधिक खरे कारण.

खरी मेख मात्र पत्त्यात आहे. मॅस्टोडॉनवर पूर्ण ओळख म्हणजे वापरकर्त्याचे नाव आणि त्यापुढे सर्व्हरचे डोमेन. सर्व्हर बदलायची सोय आहे. नव्या खात्यात जुन्याचा पत्ता ‘हेही माझेच’ म्हणून नोंदवायचा आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतराचा आदेश द्यायचा. जुना सर्व्हर तो संदेश स्वतःच्या किल्लीने सही करून फॉलोअर्सच्या सर्व्हरांना धाडतो. ते नव्या खात्यावरची नोंद ताडून पाहतात आणि फॉलो तिकडे वळवतात. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी वेगळी फाइल म्हणून उतरवून चढवावी लागते. पोस्टी मात्र जुन्या जागीच राहतात. लोक नेमके हेच शेवटी वाचतात आणि संतापतात.

शिवाय या साऱ्यासाठी जुना सर्व्हर जिवंत हवा. ‘क्वीअर डॉट एएफ’ या सर्व्हरचे डोमेन अफगाणिस्तानच्या नावाखाली नोंदलेले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये तालिबान राजवटीने ते काढून घेतले. डोमेन गेले की किल्ली तपासायचा पत्ताच नाहीसा होतो, मग आदेश देणार कोण? मोठ्या संस्थांचीही हमी नाही. युरोपीय संघाच्या संस्थांसाठीचा ‘ईयू व्हॉइस’ हा सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाला आणि मे 2024 मध्ये बंद झाला.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाने ही अडचण ओळखून वेगळी मांडणी केली. तिथे प्रत्येक खात्याला न बदलणारा ओळखक्रमांक असतो. दिसणारे नाव आणि माहिती ठेवणारा सर्व्हर दोन्ही बदलता येतात, पोस्टीही बरोबर नेता येतात. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) बंदी घातली, तेव्हा लाखो लोक तिकडे गेले. अमेरिकेतील निवडणुकीनंतर नोव्हेंबरात ब्लूस्कायची खाती 2 कोटींवर पोहोचली. पण याला विकेंद्रित म्हणायचे का, यावर जाणकारांत जुंपली आहे. ॲक्टिव्हिटीपबच्या सहलेखिका क्रिस्टीन लेमर-वेबर यांनी त्याच महिन्यात सविस्तर टीका केली. ॲक्टिव्हिटीपबमध्ये संदेश ज्याला हवा त्याच्याच सर्व्हरकडे जातो, म्हणून लहान सर्व्हर तगतो. ब्लूस्कायच्या रचनेत ‘रिले’ सगळ्या जाळ्यातल्या पोस्टी गोळा करतो आणि ॲप त्यातून निवडते. जाळे वाढेल तसा हा डोलारा सांभाळण्याचा खर्च वाढतो. तो पेलणारे थोडेच, म्हणून सत्ता पुन्हा थोड्यांच्या हाती. उलट बाजू म्हणते, पोस्टींसह बाहेर पडता येणे हेच मोलाचे, आणि ते मॅस्टोडॉनला आजही साधलेले नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. वर्तमानपत्रे मात्र दोन्हींना ‘ट्विटरचे पर्याय’ अशा एकाच शीर्षकाखाली घालून मोकळी होतात.

त्या ओळखक्रमांकांची नोंदवही सुरुवातीपासून ब्लूस्काय कंपनीच चालवत आली. ही पद्धत मुळात तात्पुरती सोय म्हणून आखली होती. सर्वसाधारण खात्याच्या किल्ल्याही कंपनीच्याच सर्व्हरवर असतात. वापरकर्त्याला स्वतःची वेगळी किल्ली त्यात नोंदवता येते. तशी नोंदवलेली असेल तर कंपनीचा सर्व्हर बंद पडला, तरी खाते दुसरीकडे हलवता येते. ही सोय ॲपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ठळकपणे मांडलेली नाही. तिच्यासाठी वेगळी साधने वापरावी लागतात आणि किल्ली सांभाळण्याची जबाबदारीही वापरकर्त्याचीच असते.