उन्हाळ्याची अखेर

रोहिणी नक्षत्र निम्में सरलें म्हणजे आमच्या घरचा उन्हाळा आवरूं लागतो. अढींतले शेवटचे आंबे सुरकुततात, पापड-कुरडयांचे डबे माळ्यावर चढतात, गच्चीवरचीं अंथरुणें खालीं येतात आणि माहेरीं आलेल्या लेकी पुन्हां सामान भरूं लागतात. कालिदासानें ऋतुसंहाराचा प्रारंभ ग्रीष्मानें केला. आम्हां शाळामास्तरांचें वर्षही ग्रीष्माच्या अखेरीसच उजाडावयाचें. त्यामुळें इतरांस हे दिवस मावळतीचे वाटले, तरी आम्हांस त्यांना कोऱ्या हजेरीपटाचा वास येतो.

मृग लागण्यापूर्वीं एक दिवस सर्व कुटुंबानें सिंहगडावर जावयाचें, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. पुण्याहून गड सुमारें ३० किलोमीटर. पूर्वीं पायथ्यापासून चढून जात असूं. आतां मोटार थेट वर जाते. पुणे दरवाजांत शिरलों कीं आमच्यांतील मास्तर जागा होई. १६७० मधील तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम, १७०० मध्यें याच गडावर झालेलें राजाराम महाराजांचें देहावसान, टिळकांचा बंगला, असें व्याख्यान सुरू होई. मुलें मान डोलवीत. डोळे मात्र करवंदांच्या पाटीकडे असत. मग देवटाक्याच्या गार पाण्याबरोबर दशम्या, चटणी, दहीभात यांचा समाचार घेतला जाई.

ह्या दशम्या वहिनींच्या हातच्या. त्या पहांटे चारला उठून डबे भरीत आणि आम्हांस पोंचवावयास उंबऱ्यापर्यंत येत. मुलें सांभाळावयास आमची मंडळी बरोबर असे. परंतु थोरली सून म्हणून वहिनी घरीं राहत. आधीं आमच्या मातुःश्रींचें दुखणें होतें, नंतर लहान मुलें, नंतर ‘भरल्या घराला कुलूप कसें लावावें?’ हा प्रश्न. कारणें बदललीं, उंबरा बदलला नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत गच्चीवर पापड वाळत घालतांना धाकट्या नातीनें समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून त्यांना विचारलें, “आजी, तानाजी कोणत्या बाजूनें चढला गं?”

“मला काय ठाऊक, बाळ! मी कुठें गेलें आहे गडावर?”

त्या स्वरांत तक्रारीचा लवलेश नव्हता. आम्ही शेजारींच वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. त्यानंतर कांहीं वाचवलें नाहीं. ज्यानें तीस वर्षांहून अधिक काळ रोज मुलांची हजेरी घेतली, त्याला स्वतःच्या घरांतील गैरहजर माणूस कधीं दिसला नाहीं. पन्नास उन्हाळे वहिनी पापडांवरून नजर उचलून तो गड पाहत होत्या आणि आम्ही ‘सर्व कुटुंब गेलें होतें’ असें लोकांना सांगत होतों.

यंदा दादांनींच घराला कुलूप लावलें. दशम्या नाहींत, डबे नाहींत. गडावरच पिठलें-भाकरी घेतली. वहिनींनीं दह्याचें मडकें दोनदां मागविलें. परंतु डोणागिरीच्या कड्यापर्यंत जाणें त्यांच्या गुडघ्यांना झेपेना. नात तेथवर जाऊन आली आणि कडा कसा तुटलेला आहे तें हातवारे करून त्यांना सांगूं लागली. गुडघे धड होते तेव्हां आम्हीं नेलें नाहीं. हें आतां कोणत्या मोटारीनें भरून निघणार?

वहिनी मात्र प्रसन्न होत्या. खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे धुरकट शहर पसरलें होतें. त्यांनीं विचारलें, “भाऊजी, यांत आपली गच्ची कुठली हो? तिथून इकडे पुष्कळ पाहिलें. म्हटलें, एकदां इथून तिकडे पाहावें.”

आम्हांस ती दाखवितां आली नाहीं. त्या दिवशीं आम्हीं व्याख्यानही दिलें नाहीं.

आतां शाळा उघडतील, पाऊस येईल, सहली पुढच्या वर्षावर जातील. वाचकांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, घरांतून निघतांना एकदां हजेरी घ्यावी, आणि उंबऱ्याशीं उभ्या असलेल्या माणसाचें नांव प्रथम पुकारावें.