एका नांवाचे दोन मासे

गाय कशाला म्हणावें या प्रश्नावर आमच्या नैयायिकांनीं जितकी बुद्धि खर्च केली, तितकी एखाद्या गवळ्यानेंहि जन्मांत केली नसेल. शिंगें असलेली ती गाय म्हणावें तर म्हैसहि गाय ठरते, ही अतिव्याप्ति. कपिल वर्णाची ती गाय म्हणावें तर पांढऱ्या गाईनें जावें कोठें? ही अव्याप्ति. एका खुराची म्हणावें तर जगांत गायच उरत नाहीं, हा असंभव. शेवटीं गळ्याखालची पोळी, म्हणजे सास्ना, हेंच लक्षण टिकलें. संस्कृत शिकवितांना हें उदाहरण मीं कित्येक वर्षें दिलें. परंतु त्याचा रोकडा उपयोग निवृत्तीनंतर, आणि तोहि माशांच्या पेटीपुढें झाला.

आमच्या घरीं मासा पानांत कधीं आला नाहीं; तो आला तो दिवाणखान्यांत. पुतण्याच्या मुलीच्या हट्टाखातर काचेची पेटी शेवगांवांत आणली गेली, आणि तींत एका दुकानदारानें ‘ब्ल्यू अकारा’ या नांवानें दिलेले, बोटाच्या पेराएवढे दोन मासे सोडण्यांत आले. दोघांच्या गालांवर निळसर हिरव्या वेलबुट्टीच्या रेघा, दोघांच्या कुशीवर काळा डाग. एकाला झांकावें आणि दुसऱ्याला काढावें. वर्ष उलटलें तेव्हां एक दुपटीनें वाढला होता, आणि दुसरा फाटक्या शेपटीनिशीं कोपऱ्यांत दडून बसूं लागला होता.

घरांत दोन पक्ष पडले. वहिनी म्हणाल्या, “अहो भावोजी, नवरा-बायको आहेत तीं, भांडायचींच!” दुकानदारानेंहि फोनवर हाच निर्वाळा दिला, मोठा तो नर, लहान ती मादी, लवकरच अंडीं होतील. पुतण्याला मात्र जातच निराळी वाटत होती. प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. जोडपें असेल तर धीर धरावयाचा. जात भिन्न असेल तर लहानग्याचे दिवस भरत आले होते. मुलगी रोज शाळेंतून येतांच मला विचारी, “आजोबा, आहे ना तो?”

सिक्लिड नांवाच्या कुळांतील हे मासे दक्षिण अमेरिकेंतले. हें कुळ आपणांस अगदींच परकें नाहीं. गोव्याचा काळुंदर मासा याच कुळांतला. कुळाचें लक्षण सुबक आहे: पुष्कळ माशांना नाकाच्या प्रत्येक बाजूस दोन छिद्रें असतात, यांना एकेकच असतें, आणि कुशीवरील रेघ मध्येंच तुटून खालच्या पातळीवरून शेपटीकडे जाते. हीं दोन्ही लक्षणें मुलीनें भिंग घेऊन स्वतः पडताळून पाहिलीं. परंतु कुळ कळलें म्हणून जात कळत नाहीं.

खरा ‘ब्ल्यू अकारा’ त्रिनिदाद व व्हेनेझुएला या भागांतला. स्वभावानें त्यामानानें सौम्य, आणि वीतभर वाढला म्हणजे पुष्कळ झाला. त्याचा जवळचा भाऊबंद पश्चिम एक्वाडोरमधल्या नद्यांतला; त्याला पेटीवाले ‘ग्रीन टेरर’ म्हणतात, आणि तें नांव तो सार्थ करतो. लहानपणीं दोघांची गल्लत सहज होते. आतां लक्षणें लावून पाहूं. गालांवरील रेघा दोन्ही जातींत, म्हणजे अतिव्याप्ति. आकार घ्यावा तर नर मादीहून मोठा असतोच, तेंहि बाद. कपाळावरील उंचवटा घ्यावा तर तो प्रौढ नरालाच येतो, अव्याप्ति. शेपटीची नारिंगी किंवा पांढरी रुंद किनार बरी, पण पोरवयांत ती फिकी असते. राहतां राहिले खवले. आमच्या मोठ्या माशाच्या कुशीवर प्रत्येक खवल्याचा मध्य काळसर आणि कडा उजळ. लहानग्याच्या खवल्यांवर मात्र निळे चकाकते ठिपके. हीच सास्ना! शिवाय पेरूकडचा एक तिसरा भाऊ दीर्घकाळ ‘ग्रीन टेरर’च्याच नांवाखालीं खपत होता, त्याच्या खवल्याचा मध्य उजळ असतो, आणि २००९ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याला वेगळी जात म्हणून नांव दिलें. जेथें पंडितांना इतका वेळ लागला, तेथें दुकानदारास फार दोष देण्यांत अर्थ नाहीं. थोडा द्यावा.

बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वरानें ‘मानसोल्लासां’त मासे खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रांतले व नदींतले असे वेगळाले सांगितले आहेत, तेव्हां खवल्याकडे पाहण्याची खोड आपल्याकडे जुनीच म्हणावयाची.

जात ठरली, तशी दुसरी अडचण उभी राहिली. दुकानदार मासा परत घेईना. पुतण्या म्हणाला, “काका, नाथसागरांत सोडून देतों, जीवहि वाचेल आणि पुण्यहि लागेल.” मीं त्यास बाजारांतील चिलापीची आठवण दिली. तीहि सिक्लिडच, आफ्रिकेंतली. १९५२ सालीं ती भारतांत आणली ती सदिच्छेनेंच, स्वस्त अन्न म्हणून. मादी अंडीं-पिलें तोंडांत धरून सांभाळते, वीण वारंवार होते, आणि तळीं तिनें भरून जातात. १९५९ मध्यें तिच्या प्रसाराला मनाई झाली. पण मनाई माशाला वाचतां येत नाहीं. आज उजनीच्या पाण्यांत तिचेंच राज्य आहे. पैठणच्या बांधामागें अडलेलें गोदेचें पाणी आमच्या तालुक्याच्या शिवेला लागतें. तेथें आपल्या हातानें आणखी एक परका सोडणें मला पटेना. पुतण्या कांहीं वेळ रुसला, पण थांबला.

तेव्हां थोरल्यासाठीं चार फुटी पेटी करविली. देवघराशेजारची जागा वहिनींनीं साफ नाकारल्यामुळें ती आतां माझ्या खोलींत, कोशांच्या कपाटाला लागून आहे. रात्रीं मीं दिवा मालवला कीं तो गारगोट्या उचलून काचेवर टाकतो, आणि त्या आवाजानें माझी झोंप मोडते. धाकट्याची शेपटी भरून येत आहे.