आमच्या गावचे दोन मेजर

आमच्या गावात दोन मेजर होते असे मी सांगते तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींना वाटते, गाव फौजींचे असावे. तसे काही नाही. पाथर्डी तालुक्यातले आमचे गाव ऊसतोडीवाल्यांचे. दसरा उलगला, मोहटादेवीची जत्रा पांगली की मुकादमाच्या ट्रकमध्ये संसार चढतात आणि गाव म्हाताऱ्यांच्या नि कुत्र्यांच्या ताब्यात जाते. आमचे मेजर होते ते मुक्तिफौजेचे. एक साहेब आणि एक बाई. नवरा-बायकोच ती.

दोघेही निवृत्त झालेले. पण गावच्या हॉलला कोणी मिळेना, म्हणून २०१५ च्या जूनमध्ये ती पुन्हा कामावर आली. हॉल म्हणजे त्यांचे देऊळ. पत्र्याचे छत, पुढे तिरंगी झेंडा. तिरंगी म्हणजे आपला नव्हे, तांबडा, निळा आणि पिवळा. गावात ख्रिस्ती घरे अकरा. एवढ्या अकरा घरांसाठी दोन म्हातारी माणसे तीन पत्र्याच्या पेट्या, एक ढोल आणि एक स्टोव्ह घेऊन टेम्पोतून उतरली तेव्हा मी चौथीत होते आणि त्या ढोलासाठी टेम्पोमागे धावले होते.

त्यांचा सलाम निराळाच. उजवा हात वर आणि तर्जनी आभाळाकडे. आम्ही पोरे आठवडाभर एकमेकांना तसा सलाम ठोकत होतो. साहेबांनी पाहिले. आता रागावतील असे वाटले, तर त्यांनी तसाच सलाम आम्हांला परत केला. मग आमची गंमतच गेली.

मला ओढले ते मात्र साहेबांनी नाही, ढोलाने नाही, विजेच्या दिव्याने. आमच्या घरची वीज बिलापायी तोडलेली. आई-बाप तोडीला गेले की मी आजीजवळ, आणि आजीला दिसायचे कमी. दिवस मावळला की ती वाकळ पांघरायची. मेजरांचे क्वार्टर भिंतीला भिंत लागून. मी पुस्तक घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायची, मग उंबऱ्यात, मग आत. कोणी ये म्हणाले नाही आणि जा म्हणाले नाही.

आत बसू लागल्यावर त्यांचे दिवस कसे जातात ते दिसू लागले. पहाटे दोघे समोरासमोर बसून प्रार्थना करीत. मग साहेब स्टोव्ह पेटवीत आणि चहा करून बाईंना देत. ही बातमी पाणवठ्यावर पंधरा दिवस पुरली. सकाळभर घरे फिरायची: कोणाची म्हातारी पडून आहे, कोणाचा दारूडा नवरा रात्री परतलाच नाही. ख्रिस्ती घरे अकरा असली तरी आजारी माणसे गावभर होती, त्यामुळे फेरी गावभर होई. नगरचे बूथ हॉस्पिटल याच लोकांचे. साहेब चिठ्ठी लिहून देत आणि एसटीच्या भाड्याला खिशातून दहा-वीस रुपये काढीत. त्यांना पगार नव्हता. ‘भत्ता’ म्हणत, आणि तोही बेताचाच असावा, कारण बाईंच्या गणवेशाच्या पांढऱ्या साडीला मी तीन रफू मोजले होते. दुपारी होम लीग, म्हणजे बायकांची बैठक. त्यात शिवण, गाणी आणि निम्मा वेळ सुनांची गाऱ्हाणी. रविवारी उपासना. एक रविवार साहेब बोलत, एक रविवार बाई. साहेबांच्या भाषणात म्हातारे डुलक्या घेत. बाई बोलायला उभ्या राहिल्या की दाराशी इतर जातीची माणसेही थांबत.

सगळ्यांत मजा कापणीच्या सणाला. लोक बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या घेऊन येत आणि मग त्यांचा लिलाव. एकदा एक कोंबडी साडेचारशेला गेली. घेणाऱ्याने ती पुन्हा देवाला दिली, ती पुन्हा लिलावात उभी राहिली. साहेब बोली लावताना असे ओरडत की पाथर्डीच्या बाजारात ते शोभले असते.

आमच्याकडे तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, ‘किती कोयते?’ आमच्या घरचा एक. उचल कोयत्यावर मिळते आणि ती बापाच्या हातात पडते. आई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, पहाटे तीनला उठून भाकरी थापते. पण तिचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत नाही. एकटा गडी वा एकटी बाई असली तर तिला अर्धा कोयता म्हणतात. हे मला इतके सवयीचे होते की त्यात काही विचारण्यासारखे आहे असे कधी वाटले नव्हते.

एकदा मी बाईंना विचारले, ‘साहेब मेजर, म्हणून तुम्ही मेजरबाई का? सरपंचाची बायको सरपंचीण तशी?’

बाई भाकरी उलटत होत्या. म्हणाल्या, ‘नाही गं. मी स्वतः मेजर आहे. त्यांच्याइतकंच शिकले, त्यांच्याबरोबर शपथ घेतली.’ मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘पण पूर्वी तसंच होतं. लग्न झालं की नवऱ्याचा जो हुद्दा, तोच बायकोला लागायचा. १९९५ साली नियम बदलला, तेव्हापासून माझा हुद्दा माझा.’

पुढे त्यांनीच मला फौजेचा इतिहास सांगितला. विल्यम बूथ या धर्मोपदेशकाने लंडनच्या पूर्वेकडच्या गरीब वस्तीत १८६५ साली काम सुरू केले, १८७८ साली त्याला ‘फौज’ हे नाव पडले. बूथसाहेबांची बायको कॅथरिन स्वतः व्यासपीठावरून उपदेश करी, तेही बाईमाणसाने चर्चमध्ये तोंड उघडू नये असे मानणाऱ्या काळात. १८८२ साली फौज मुंबईस उतरली. पुढारी होता फ्रेडरिक टकर. सरकारी सनदी नोकरी सोडलेला हा गोरा माणूस भगवे नेसून अनवाणी फिरे आणि नाव सांगे फकीर सिंग. मुंबईत मिरवणूक काढली म्हणून त्याला अटकही झाली. बूथसाहेबांच्या मुलीशी, एमाशी त्याने १८८८ साली लग्न केले आणि बायकोचे आडनाव आपल्या आडनावाआधी लावून तो बूथ-टकर झाला. हे ऐकून मी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, ‘माझ्याकडे बघू नकोस, मी नाही लावलं.’ बाई म्हणाल्या, ‘विचारलं कुठं तुम्ही!’

२०१७ च्या आषाढात आजी गेली. आता दसऱ्यानंतर माझे काय, हा प्रश्न आला. धाकट्या भावाला सांभाळायला मला तोडीवर न्यायचे असे जवळजवळ ठरले होते. तोडीवर गेलेली मुलगी परत शाळेत बसत नाही. तिथून दोन-तीन वर्षांत ती मांडवातच जाते. माझ्या बरोबरीच्या चौघींचे तेच झाले. बाई एका संध्याकाळी आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, ‘हिला माझ्याजवळ ठेवा. तुम्ही याल तेव्हा तुमची तुम्हांला परत.’

बाप बोलेना. शेवटी म्हणाला, ‘लोक म्हणत्यात, बाटवतील. पाणी शिंपडलं की झालं.’

मागून साहेब आले होते. ते म्हणाले, ‘दादा, आमच्या फौजेत बाप्तिस्म्याचं पाणीच नसतं. बाकीचे ख्रिस्ती आम्हांला त्यावरून नावं ठेवतात.’ हे खरेच आहे. पण बापाला ती थट्टा वाटली आणि तो हसला. हसल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

चार हंगाम मी त्यांच्या घरी राहिले. प्रार्थनेच्या वेळी मी डोळे मिटून बसे आणि मधून एक डोळा उघडून पाही. आमच्या घरच्या खंडोबाच्या टाकाला दर रविवारी हळद वाहायची आठवण मला बाईच करीत. कोणी मला काही व्हायला सांगितले नाही. सांगितले असते तर मी काय केले असते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्यांचे सगळे गोड होते असे नाही. रात्री भिंतीआड बोलणे ऐकू येई. मुलगा पुण्याला, तो फोनवर म्हणे, आता पुरे, इकडे या. साहेबांना जावेसे वाटे. बाईंना नाही. एकदा साहेब चढ्या आवाजात म्हणाले, ‘आयुष्यभर बदल्या केल्या, आता तरी एका जागी बसू.’ बाई म्हणाल्या, ‘आपली पोरं होस्टेलात वाढली. आता त्यांच्या घरात पाहुणी म्हणून जाऊन बसू?’ मग बराच वेळ कोणी बोलले नाही. दर दोन-चार वर्षांनी हुकूम येई आणि पेट्या भरायच्या. मुलांची शाळा तुटू नये म्हणून त्यांना वसतिगृहात ठेवलेले. मी अंथरुणात पडून विचार करी, की यांनाही ट्रक न्यायला येतो तर.

एप्रिलमध्ये आई परत आली की मला आनंद होई आणि अवघडल्यासारखेही होई. एका वर्षी तिने गुळाची ढेप आणली होती. ती माझी वेणी घालायला बसली, हात सगळे उसाच्या पात्यांनी चिरलेले, केस त्यांत अडकत होते. मी चटकन बोलून गेले, ‘बाई अशी नाही घालत.’ आईने काही न बोलता फणी माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून तिने माझी वेणी घातलेली नाही. हे मी इथे प्रथमच लिहीत आहे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा आई-बाप सांगलीकडच्या एका कारखान्याच्या फडात अडकले. एप्रिलच्या अखेरीस परवानगी मिळून आले, तर त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवले. साहेब सत्तरीचे. त्यांनी बाहेर पडू नये असे सगळे सांगत होते. ते सायकलच्या दांडीला डबे अडकवून रोज शाळेच्या फाटकाशी जात, डबे ठेवत, मागे होत आणि तो सलाम करीत. आत ओसरीवर बसलेले बायाबापडे हात वर करून बोट आभाळाकडे दाखवीत. डबे बाई करीत आणि मी. आई लांबून ओरडून विचारी, ‘भाकर कोणी केली?’ मी म्हणे, ‘मी.’ ‘कडा जाड झाल्यात,’ आई ओरडे. ते दोन आठवडे आम्ही मायलेकी जितक्या बोललो तितक्या आधी कधी बोललो नव्हतो.

२०२१ मध्ये साहेबांचे गुडघे पार गेले आणि दोघे नगरला राहायला गेली. तेव्हा मी दहावीला जाण्याइतकी मोठी झाले होते आणि शिष्यवृत्तीवर वसतिगृहात जागा मिळाली होती. अर्ज बाईंनी भरला होता. सही आईच्या अंगठ्याची.

२०२३ च्या जूनमध्ये साहेब वारले. त्यांच्यात ‘मेले’ म्हणत नाहीत, ‘बढती झाली’ म्हणतात. मी आणि आई गेलो. झेंड्याला काळी नव्हे, पांढरी फीत बांधली होती. ढोल वाजत होता, तोच. बाई गणवेशात ताठ उभ्या होत्या आणि गात होत्या. आई माझ्या कानात म्हणाली, ‘रडत कशा नाहीत?’

सगळे पांगल्यावर आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. काय बोलावे ते तिला सुचेना. मग म्हणाली, ‘बाई, आता तुम्ही अर्धा कोयता.’

बाईंना कळले नाही. मी सांगितले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘मग काम निम्मं मिळतं का?’ त्यांनी विचारले.

‘काम तेवढंच,’ आई म्हणाली. ‘पैसे निम्मे.’

तेव्हा बाई रडल्या. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग त्यांचा आंबाडा सुटला होता तो तिने आपल्या चिरलेल्या हातांनी, सावकाश, पुन्हा बांधून दिला. आमची एसटी चारची होती. ती आम्ही चुकवली.