निघण्याआधीचे रंग

सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीजवळच्या दरीत वसंत उतरतो तो काटेसावरीवर, आणि तोही थंडी जायच्या आधीच. माघ सरत आलेला असतो. पहाटे खिशातून हात बाहेर काढवत नाहीत, वाटेकडेचं वाळलं गवत दवाने जड झालेलं असतं, आणि या सगळ्या करड्या-पिवळ्या पसाऱ्यात अंगावर एकही पान नसलेलं उंच, सरळसोट झाड लालभडक फुलांनी डवरून उभं असतं. उन्हाची पहिली तिरीप दरीत पोचते तीही त्याच्याच शेंड्यावर. पाखरांना हे बरोबर ठाऊक असतं.

सावरीचं फूल खाली पडलेलं उचलून पाहावं. पाच जाड, मांसल पाकळ्या, मधे पुंकेसरांचा दाट झुबका आणि तळाशी वाटीत साचलेला मध. त्या मधासाठी सकाळी फांद्यांवर जी रेटारेटी चालते, तशी दरीत एरवी कुठेच दिसत नाही. आधी लालबुडे बुलबुल येतात. मग साळुंक्या. हरेवा येतो तो पानासारखा हिरवा, आणि झाडाला पानच नसल्यामुळे बिचाऱ्याला लपायला जागा उरत नाही. राखी कोतवाल लाल डोळे रोखून एका फुलाची मालकी सांगत बसतो. मधही पितो आणि मधावर आलेले किडेही टिपतो. फुलात डोकं खुपसून बाहेर काढलेल्या प्रत्येकाच्या कपाळावर परागाची पूड चिकटलेली असते.

आणि मग भोरड्यांचा थवा उतरतो. झाडाचा आवाजच बदलतो. इतका वेळ चाललेली बोलणी बुडून जातात आणि एकच अखंड कलकल उरते.

भोरडी आपल्याकडे कुणाला नवी नाही. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याने तिला पिढ्यान्‌पिढ्या शिव्याच दिल्या आहेत, आणि त्याचा राग खोटा नाही. तीच भोरडी मध्य आशियातल्या गवताळ मुलखात पिल्लांना वाढवताना टोळांचा फडशा पाडते. पण मला इथे सांगायचं आहे ते तिच्या रंगाबद्दल. ऑगस्टच्या सुमारास ती येते आणि पुढे तिची पिसं बदलतात. नव्या पिसांच्या टोकांना मळकट, फिकट कडा असतात, त्यामुळे ऐन हिवाळ्यात ती धुळीने माखल्यासारखी दिसते. हिवाळाभर त्या कडा झिजत जातात. फेब्रुवारी-मार्चकडे खालचा खरा गुलाबी उघडा पडतो, डोक्यावरचा आणि पंखांवरचा काळा चमकू लागतो. नवं पीस एकही येत नाही. आहे तेच झिजून रंग वर येतो, आणि तो पुरता वर आला की ती निघते.

हे कळल्यापासून मी ऋतू पिसांवर पाहू लागलो. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं घरोघरी म्हणतात. पण एखादं वर्ष थंडी रेंगाळते, एखाद्या वर्षी माघातच अंगातून घाम निघतो. पीस चुकत नाही. दिवस किती मोठा झाला यावर पाखराचं शरीर चालतं, आणि दिवस दरवर्षी ठरल्याप्रमाणेच मोठा होतो.

इथलाच रहिवासी असलेला जांभळा शिंजीर पाहा. त्याची रीत निराळी. पावसाळ्यानंतर नराचा झगमगाट जातो आणि तो मादीसारखाच होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ राहते. मग नवी पिसं यायला लागतात, तीही ठिकठिकाणी. असा अर्ध्यावरचा नर पंगाऱ्याच्या फुलाशी हाताच्या अंतरावर पाहायला मिळाला, तर दुर्बीण खाली ठेवावी. एका खांद्यावर निळी-जांभळी झळाळी, दुसरा अजून मातकट. पोटाच्या जुन्या पिवळ्यात नव्या काळ्याचे ठिपके. मान वळवली की गळ्यावर क्षणभर धातूची चमक येते आणि विझते. मला पूर्ण सजलेल्या शिंजिरापेक्षा हा अर्धवट जास्त आवडतो.

खाली ओढा आता वाहत नाही. खडकांत डबकी उरली आहेत, म्हणून दरीतली पाखरं तिथे पाण्यावर येतात. जवळच्या एखाद्या निष्पर्ण शेंड्यावर नीलांग बसलेला असतो: तांब्याच्या भांड्यावर चढणाऱ्या कळंकाचा रंग, चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी पट्टी. सावलीत पाचोळा उलटत फिरणारा निळ्या टोपीचा कस्तूर त्याच्यापेक्षा लाजरा. डिसेंबरात त्याच्याही निळ्यावर तपकिरी कडांची खवली असतात. आता ती विरळ झाली आहेत. दोघेही हिमालयाकडे निघायच्या बेतात. वरच्या पानोळ्यात हिरवट वटवट्या. बोटभर जीव, पण हिवाळाभर चार झाडांचा टापू आपला म्हणून राखतो आणि दुसऱ्या वटवट्याला तिथे टिकू देत नाही. अशा पाखराला आपण पाहुणा म्हणतो, हे मला पटत नाही. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने जो इथे हक्काने राहतो, त्याचं घर कुठलं, हे आपण कसं ठरवणार?

वाटेवर दह्याची मडकी घेऊन बसणाऱ्या मावशींना भोरड्या कधी जातात म्हणून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “सावरीची बोंडं उकलली की न्हाई दिसायची ही पाखरं, दादा.” मी पुस्तकांत वाचलेलं याहून वेगळं काही नव्हतं.

सुमारे तेराशे मीटर उंचीच्या या डोंगरावर १६७० साली तानाजी मालुसरे चढले, ती तिथी माघ वद्य नवमी. आजही त्या दिवशी गडावर लोक जमतात. त्या रात्री मावळे ज्या रानातून गेले, तिथे सावरी फुललेल्याच असणार. गडाकडे मान वर करून पाहताना हे दरवर्षी मनात येतं.

फाल्गुनात डोंगरांना वणवे लागतात, तेव्हा मात्र जीव तुटतो. जुनं गवत जाळलं की पुढचं जोमाने येतं, हा समज काही केल्या जात नाही. रातवा अंडी घालतो उघड्या जमिनीवर, लावा आणि चंडोल गवताच्या बुडाशी. ज्या दिवसांत त्यांची घरटी सुरू होतात, त्याच दिवसांत उतारच्या उतार काळे होतात. दरीतला दुसरा त्रास आपल्यासारख्या हौशी माणसांचा. फोटोसाठी फोनवर पाखराचा आवाज वाजवायचा, नर चवताळून समोर आला की कॅमेरे खडखडायचे. ज्याला महिनाभरात हजारो किलोमीटर उडायचं आहे, त्याची चरण्याची सकाळ अशी वाया घालवण्याचा आपल्याला काहीच अधिकार नाही. डबक्यापासून लांब, गप्प बसलं तरी सगळं दिसतं.

होळीच्या आसपास दरीचे आवाज पालटतात. तांबटाची टुकटुक दुपारभर थांबत नाही, कुटुरगे एकमेकांवर आवाज चढवतात, एखादा पावशा सुरू होतो. करवंदीच्या जाळीत हिवाळाभर नुसतं ‘चेक, चेक’ करणारा बोरू वटवट्याही जायच्या आधी गायला लागतो. मोठं, गुंतागुंतीचं गाणं, जाळीच्या आतूनच.

यायचं तर या दिवसांत यावं. सूर्य पाठीशी घेऊन सावरीखाली बसावं. आणि भोरडी नि शिंजीर एकाच फांदीवर सापडले, तर आधी भोरडीकडे पाहावं. शिंजीर पुढच्या आठवड्यातही इथेच असेल.