कवचापुरता उरलेला पक्षी

अंडं फोडताना टरफल बोटांत चुरतं आणि मला हटकून पाटणे आठवतं. खानदेशात, चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याचं हे गाव बहुतेकांना पाटणादेवीमुळे ठाऊक असतं. माझ्या मनात त्याने घर केलंय ते एका टरफलापायी.

१९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. दगडी हत्यारांच्या सोबतीने मातीतून निघाली शहामृगाच्या अंड्यांची कवचं, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची. आज जिथे कपाशी फुलते, त्या खानदेशात तेव्हा शहामृग धावत होते! २०१७ साली हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतात मिळालेल्या अशा कवचांतला डीएनए तपासला, तेव्हा आफ्रिकेतल्या शहामृगाशी त्यांचं नातं पक्कं झालं.

माणसाहून उंच असा हा पक्षी, पण मागे राहिलं त्याचं अंडं. हाडं जनावरं फोडतात, पाणी वाहून नेतं, माती खाते. कवच मात्र दोनेक मिलीमीटर जाड, कोंबडीच्या अंड्याच्या पाच-सहापट, चुन्याच्या स्फटिकांनी घट्ट विणलेलं. पिल्लू बाहेर पडलं की ज्याचं काम संपलं, तेच काळाला पुरून उरलं.

पाटण्याच्या एका तुकड्यावर माणसाचा हात फिरला आहे. समांतर रेघांच्या मधल्या पट्ट्यांत तिरप्या रेघा एकमेकींना छेदत जातात, जाळी विणल्यासारख्या. एवढ्या गुळगुळीत, टणक कवचावरून दगडाचं टोक किती वेळा निसटलं असेल! तरी तो हात थांबला नाही. अशा कवचाचे मणीही तिथे मिळाले. कुणाच्या तरी गळ्यात ते रुळले असतील.

त्या कारागिराच्या तोंडी या पक्ष्याचं काहीतरी नाव असेलच. ते त्याच्याबरोबर गेलं. शब्दाला कवच नसतं. हजारो वर्षांनी आपण फारसीतून ‘शहामृग’ घेतला. त्यातला ‘मृग’ म्हणजे हरीण नव्हे. मुळात तो ‘मुर्ग’, म्हणजे पक्षी. आपल्याच माळावरचा पक्षी आपल्याला परक्या नावाने भेटला.

म्हणून सोलापूरजवळच्या नान्नजचा विचार आला की जीव कासावीस होतो. तिथल्या माळरानावर माळढोक पक्षी आता क्वचितच दिसतो. माळढोक हे नाव आपलं आहे, अजून आपल्या ओठांवर आहे. पक्षी असेतो त्या नावाला अर्थ आहे, आणि त्याला राखणं आज तरी आपल्या हाती आहे. कवचाच्या भरवशावर राहून चालणार नाही, कारण माळढोकाच्या अंड्याचं कवच शहामृगाच्या अंड्याइतकं जाड नसतं.